धोंड्याचा महिना पोटाला लागू आहे का

“आठवा! आठवा लागलाय, विहीणबाय! माज्या लेकीला आठव्यात गाडीत घालून आठ कोस आदळवत न्यायची हाय व्हय?”

“सातवा!” आमची आई पडवीतून ओरडली. “सातवा हाय. माजं मोजनं आजवर चुकलं नाय.”

“मग बोटं दाखवा!”

“ही बगा बोटं!”

दोघी बोटं वर करून समोरासमोर उभ्या राहिल्या. आवाज असे लागले होते की माथेरानवरची माकडं खालच्या फांदीवरून वरच्या फांदीवर गेली असावीत, अशी माझी खात्री आहे. दसरा होऊन चार दिवस झाले होते. मी बैल जुंपून अंगणात तयार, गाडीच्या साट्यात हातभर पेंढा, पेंढ्यावर तीन गोधड्या. बायको बोचकं मांडीशी घेऊन दाराजवळ बसलेली. तिला माहेरी पोचवायची, एवढंच काम. आणि तिची आईच, जिच्याकडे पोचवायची तीच, लेकीला बघायला म्हणून येऊन माझ्या बैलांसमोर हात आडवे करून उभी.

मी कडावचा गाडीवान. घाटात आगगाडी चढू लागली त्याला वीसेक वर्षं होऊन गेली होती, आणि भात नि गवत कर्जतच्या स्टेशनावर पोचवायला आमच्या पंचक्रोशीत माझ्यासारखी गाडी नव्हती. माझी जोडी एका दमात कशेळ्याहून कर्जतला जाई आणि वर आणखी काही आहे का म्हणून मागे वळून बघे. चिखलातून, दगडांतून, एकदा तर गाडीखाली झोपलेल्या माणसाला जाग न येता त्याच्यावरून मी गाडी नेलेली आहे. असा मी, आणि मला माझी बायको आठ कोसांवर खोपोलीच्या अलीकडे नेता येईना, कारण ती कितव्या महिन्यात आहे यावर घरात एकमत नव्हतं.

भांडण कशाचं ते सांगतो. बायकोला चैत्रात दिवस राहिले. चैत्र एक, वैशाख दोन, इथवर दोघी विहिणी एकमेकींच्या गळ्यात गळा घालून होत्या. पण त्या वर्षी ज्येष्ठ आले दोन. आधी अधिक ज्येष्ठ, म्हणजे धोंड्याचा महिना, आणि त्यामागून खरा. सासूबाईंनी दोन्ही मोजले. आईने एकच मोजला.

“धोंड्यात लगीन व्हतं का?” आई विचारी. “वास्तू व्हते का? मुंज व्हते का? देवाधर्माला जो महिना चालत नाय तो पोटाला कसा चालंल?”

“पोट काय पंचांग बगतं?” सासूबाई म्हणत. “म्हस गाभण असली तर तुमी धोंडा सोडून मोजता का हो? मग माजी लेक म्हशीपेक्षा वायली हाय व्हय?”

“म्हशीला धरम नाय. मानसाला हाय.”

यावर सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. “आनि जावयबापू, तुमी! धोंड्याच्या महिन्यात माज्या घरी येऊन तेहतीस अनारसे खाऊन गेला, ते कंच्या महिन्यात खाल्ले? महिनाच नव्हता, तर अनारसे कुटं गेले?”

खरं तर तेहतीस नव्हते. तेहतीस वाणाचे होते, त्यावर मी मागून घेतलेले वेगळे. पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

सासूबाई आपल्या गावच्या सुईण. खालापुरातल्या निम्म्या लोकांना जग पहिल्यांदा दिसलं ते त्यांच्या हातात उलटं लटकून. पण त्यांची स्वतःची थोरली लेक पहिल्याच बाळंतपणात सासरीच वारली. तिलाही माहेरी आणायला उशीर झाला होता. निरोप पोचला, सासूबाई निघाल्या, आणि पोचल्या तेव्हा अंगणात माणसं बसलेली. बाकी काही त्या कधी सांगत नसत. एवढंच म्हणत, “धाकटीचं माज्या हातानं व्हईल.” माझी बायको ही धाकटी. तिला दुसरं काही नको होतं. डोहाळे कसले विचारलं तर सांगायची, “आईकडं जायचं.” तिला भीती वाटत होती आणि ती भीती ती दिवसभर भाकरीसारखी थापत बसायची; तोंडाने काही नाही.

माहेरी पाठवायची ती सातव्यात, हे दोघींना मान्य. आठव्यात बाईला हलवायचं नाही, हेही मान्य. सासूबाईंचा सातवा भाद्रपदात होता. तेव्हा नदी दोन्ही काठांवरून वाहत होती आणि आईच्या हिशेबाने तर तो सहावाच होता. आता आश्विनात आईचा सातवा लागला, तर सासूबाईंचा आठवा. म्हणजे आई पाठवायला निघाली की सासूबाई घेत नाहीत. मी बैल सोडले. बैलांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुढे दोन दिवस मी त्यांना स्वतःहून पेंड घातली.

पहिलटकरणीच्या नवऱ्याला काय काय भोगावं लागतं हे कुणी आधी सांगत नाही. लोक बाईचंच सांगतात. तिसऱ्यापर्यंत ती ओकणार, हे मला ठाऊक होतं. पण ती माझ्या अंगाला बैलांचा वास येतो म्हणून ओकणार, हे कुणी बोललं नव्हतं. जन्मभर बैलांत राहिलेला माणूस मी, दोन महिने दिवसातून तीनदा ओढ्यावर अंघोळ करत होतो. ओढ्यातले मासे मला ओळखू लागले. चौथ्यात ओकणं थांबलं आणि माती सुरू झाली. चुलीची भाजकी माती. रोज संध्याकाळी चुलीचा एक कोपरा गेलेला असायचा. आई सकाळी लिंपायची, ही संध्याकाळी खायची. असंच चाललं तर श्रावणात भिंतीला हात घालेल, असं मी आईला म्हणालो. आई म्हणाली, “खाऊ दे. भिंत माजी हाय.”

मग पाय सुजले. मग पाठ धरली. मग पोर पोटात फिरू लागलं आणि हिने माझा हात धरून पोटावर ठेवला. आतून अशी एक लाथ बसली की माझा बैलही तशी मारत नाही. मी हात मागे घेतला तर ही पहिल्यांदा खळखळून हसली. तेवढं एक सोडलं तर बाकी सगळा वैतागच.

आणि माझ्यावर बंद्या! पोटुशी बायकोच्या नवऱ्याने साप मारायचा नाही. तिरडीला खांदा द्यायचा नाही. घराचं नवं लाकूड चढवायचं नाही. आणि सहावा सरला की डोई-दाढीला वस्तरा लावायचा नाही. आता सहावा कुणाचा? सासूबाईंच्या मोजणीने वस्तरा श्रावणाच्या अखेरीस बंद, आईच्या मोजणीने भाद्रपदाच्या. मी म्हटलं, मधल्या महिन्यात तरी करून घेतो. दोघी पहिल्यांदा एका आवाजात ओरडल्या, “नाय!” जिथे मला सूट मिळायची तिथे नेमकी एकी. कार्तिक येईतो माझी दाढी छातीवर आली आणि केस खांद्यावर. कर्जतच्या स्टेशनावर एका म्हातारीने वाकून माझ्या पाया पडून नातवाचं भविष्य विचारलं. मी सांगितलं, “मुलगा होईल, पण महिन्याचा घोळ घालू नका.” तिला काही कळलं नाही, पण एक नारळ देऊन गेली.

शेवटी, बैल सोडल्याच्या तिसऱ्या दिवशी, मी गावच्या जोशीबोवांकडे गेलो. म्हटलं, आता पंचांगच निकाल देईल. दोघींना बरोबर नेलं. सासूबाई अजून आमच्याकडेच मुक्कामाला होत्या. जोशीबोवांनी पंचांग काढलं, झटकलं, चष्मा पुसला, माझ्या दाढीकडे एकदा पाहिलं.

“अधिक मास मंगल कार्याला वर्ज्य,” ते म्हणाले.

“ऐकलं?” आई म्हणाली.

“पण दिवस हे दिवसच. सूर्य उगवतो, मावळतो.”

“ऐकलं?” सासूबाई म्हणाल्या.

“मग गर्भाला धरायचा की सोडायचा?” मी हात जोडून विचारलं.

जोशीबोवांनी पंचांग मिटलं. “गर्भिणीबाबत यात काही लिहिलेलं नाही,” ते म्हणाले. “बायकांना विचारा.”

येताना दोघी जिंकल्याच्या तोऱ्यात पुढे चालल्या होत्या, आणि मी मागून.

दुसऱ्या दिवशी सासूबाई गेल्या. जाताना लेकीच्या तोंडावरून हात फिरवला. आईला सांगून गेल्या की नववा लागला की गाडी पाठवते. नववा विषम आहे, हलवायला चालतो; पोचली की पुढं त्या आहेत. आई काही बोलली नाही. तिथेच मला संशय यायला हवा होता.

दिवाळी झाली, भात कापून झालं, कार्तिकातल्या एका सकाळी सासरे गाडी घेऊन दारात हजर. सासरे म्हणजे अबोल माणूस. वर्षाला शंभरेक शब्द बोलत असतील, त्यातले साठ बैलांशी. अंधार असताना निघाले असावेत. त्यांनी गाडीतल्या पेंढ्यावर थाप मारली आणि बायकोकडे बघून मान हलवली. ही कुणाला न विचारता उठली, बोचकं घेतलं, चाकाच्या तुंब्यावर पाय ठेवला नि वर जाऊन बसली. मला वाटलं, सुटलो.

आई कोठ्यातून आली. “खाली उतर.”

“आई, आता काय?”

“आठवा लागलाय. आठव्यात बाय हलवत नायत. तुज्या सासूनंच शिकवलंन मला.”

“अगं, पण त्यांच्या मोजणीनं नववा...”

“ती आपल्या घरी मोजू दे. सून माज्या घरात हाय, महिना माजा चालंल.”

मी हात जोडले. मी ओरडलो. गावातल्या चार म्हाताऱ्या जमल्या. दोन धोंडा धरणाऱ्या निघाल्या, दोन सोडणाऱ्या. अर्ध्या तासात आमच्या अंगणात अशी सभा झाली की पाटलाने माणूस पाठवून विचारलं, आग कुठे लागलीय. सासऱ्यांनी तंबाखू मळली, खाल्ली, थुंकले. शेवटी आई गाडीच्या पुढ्यात बसली आणि म्हणाली, “न्यायची तर माज्या अंगावरून न्या.”

सासरे माझ्याकडे बघत होते. गाडीवान मी. सासऱ्यांचे बैल, पण अंगण माझं, आई माझी, बायको माझी. एक शब्द टाकायचा होता. मी दाढी खाजवली आणि म्हटलं, “एवढा महिना जाऊ दे. मग मी स्वतः आणून सोडतो.”

बायको गाडीतून उतरली. सासऱ्यांनी रिकामी गाडी फिरवली. ती कोपऱ्यावरून दिसेनाशी होईतो ही उभी होती, आणि मग आत जाऊन आईला भाकऱ्या करू लागली. त्या दिवशी मला बैलांकडे जायचीही लाज वाटली.

मार्गशीर्ष लागला. खळ्यावर झोडणी चालू होती. आईच्या मोजणीने आता नववा, म्हणजे पाठवायला हरकत नाही. पण आधी झोडणी उरकू दे, अजून महिना पडलाय, असं तिचं म्हणणं. आठवडा गेला. एक दिवस न्याहारीनंतर मी भाताचा भारा आपटत होतो आणि ही खळ्याच्या कडेला छपराच्या मेढीला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. तोंड भातासारखं पिवळं.

“काय होतंय?”

“काय नाय,” ती म्हणाली, आणि मेढीला असा हिसका दिला की वरचं छप्पर हललं.

आई बघून म्हणाली, “खोट्या कळा. अजून महिना हाय. सुंठीचं पानी देते.”

मी भारा तिथेच टाकला. माझ्या आयुष्यात मी जे जे काही धाडस केलं असं लोकांना सांगतो, त्यातलं निम्मं मी रचलेलं आहे. हे नाही. मी बैल आणले, जुंपले, गोधड्या टाकल्या आणि बायकोला उचलून गाडीत ठेवली.

“आरं, कुटं चाललास? शुद्धीत हायस का?”

“खोट्या तर खोट्या. खोट्या कळा तिच्या आईला दाखवून आणतो.”

आई गाडीच्या पुढ्यात आली. मी म्हटलं, “आई, बस हवं तर. पण बैलांना महिने मोजता येत नाहीत.” आई बाजूला झाली. मी हाकलली. पन्नास पावलं गेलो नाही तर मागून हाक. आई धावत येत होती, एका हातात तांब्याची घागर, काखेत जुन्या लुगड्याची गुंडाळी, डोक्यावर शेगडी. थांबवायला आलीय असं वाटलं. ती मागून साट्यात चढली आणि म्हणाली, “वाटेत तुला अक्कल कोन शिकवील? हाक.”

कडावपासून नदीपर्यंत मी जी गाडी नेली, तशी पुन्हा कधी नेली नाही. खड्डा आला की मी श्वास धरायचो आणि बैलही धरायचे. आम्ही तिघे श्वास धरून तीन कोस गेलो. आई मागे बसून सांगत होती, “खोट्या हायेत गं, खोट्या,” आणि प्रत्येक खोट्या कळेला बायको तिचं मनगट पिळत होती. नदीच्या उतारावर पोचलो तेव्हा आईच्या बांगड्यांतली एकही उरली नव्हती.

पाणी गुडघाभर होतं. बैल पाण्यात घातले आणि बायको ओरडली, “थांबा!” ती आजवर माझ्यावर कधी ओरडली नव्हती. बैल माझ्याआधी थांबले.

आणि समोरच्या काठावर एक गाडी उतरत होती. सासरे हाकत होते. सासूबाईंच्या मोजणीने नऊ महिने नऊ दिवस आज भरत होते, म्हणून त्या कुणाच्या निरोपाची वाट न बघता पहाटे निघाल्या होत्या. त्यांनी आमची गाडी पाहिली, आणि आपली गाडी थांबायच्या आत उडी मारली. लुगड्याचा ओचा खोचून पाण्यातून आल्या त्या एखाद्या होडीसारख्या. पाणी दोन्ही बाजूंना फाकत गेलं.

“अलीकडच्या वाळूवर घ्या गाडी,” त्या म्हणाल्या. “बैल सोडा. तोंड फिरवा. पानी तापवा.” हे सगळं मला आणि सासऱ्यांना. मग साट्याकडे बघून, “विहीणबाय, तुमी पाठीमागून धरा तिला. घट्ट.”

“धरते,” आई म्हणाली.

मी नि सासरे पेंढ्याचा जाळ करून घागर ठेवून पाठ करून बसलो. मी बोलत होतो, काय ते आठवत नाही. सासऱ्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “गप.” मग मागून सासूबाईंचा आवाज आला, हळू, मला माहीत नसलेला: “थांब. कळ देऊ नको. नाळ गळ्याला हाय.” पुढे किती वेळ काहीच ऐकू आलं नाही. नदीचं पाणी तेवढं. मला अंगण दिसायला लागलं, माणसं बसलेलं.

मग ते रडलं. माझं पोर होतं, तेव्हा हळू कसं रडेल? पलीकडच्या काठावर म्हशी उभ्या राहिल्या. मुलगी.

आई वाळूत बसली होती आणि सासूबाईंचे ओले हात आपल्या पदराने पुसत होती. बराच वेळ पुसत होती. मग पोरीकडे बघून म्हणाली, “आठमाशी असून केवढी धडधाकट हाय बगा!”

“आठमाशी?” सासूबाई उठून उभ्या राहिल्या. “नखं बगा तिची! बोटाच्या बाहेर आल्यात. आठमाशी म्हनं!”

“आमच्या घरात नखं लवकर येतात.”

तोच वाद घेऊन दोघी एकाच गाडीत, बाळंतीण मधे, सासूबाईंच्या घरी गेल्या. आई पाचवी पुजून परत आली.

मी बाराव्या दिवशी दाढी करून सासरी गेलो. माझी मुलगी मला बघून रडली नाही, बायकोने मात्र आधी ओळखलं नाही. दोघी आज्या स्वयंपाकघरात धोंड्यावरून भांडत होत्या. आई बारशाला आली होती. मी पाळण्यापाशी बसलो आणि हळूच विचारलं, “आता तरी खरं सांग. तुला तर ठाऊक असणारच. तुझे वडील आले तेव्हा नववाच होता ना?”

“व्हय.”

“मग बाई, कार्तिकात गाडी दारात उभी असताना बोलायचं नाही? मला एका शब्दानं सांगायचं नाही?”

तिने पाळण्याची दोरी ओढली.

“सांगितलं व्हतं,” ती म्हणाली. “तुमी तवा बोलत व्हता.”